डाव्या पायाची खीर

सिम्फेरोपोलच्या इस्पितळात पट्टी बदलायच्या रांगेत म्हातारा खलाशी येमेल्यान बसला होता. शेजारच्या बाकावर एका जखमी शिपायाजवळ त्याची बायको नुकतीच गावाहून येऊन डोळे पुसत होती. तिनं पुढे केलेलं भांडं शिपायानं उघडून पाहिलं, आणि येमेल्यान दोघांचं बोलणं ऐकू लागला.

"गव्हाची खीर? फ्योक्ला, ही तर मयताच्या नावानं करतात."

"तुम्ही गेलात असाच निरोप आला. म्हटलं, तुमच्या सोबत्यांना वाटावी."

"मी कुठं गेलो? नुसता पाय गेला."

"दिसतंय. आता खीर टाकून देऊ?"

"मग काय करतेस?"

"पायाच्या नावानं खा. लग्नात नाचताना मला तुडवलं, तोच ना?"

"तोच. डावा."

"देव त्याला सद्गती देवो. खा आता."

"मध जरा जास्तच झालाय गं."

"तुमच्या नावानं केली होती. हात कसा आखडणार?"