देवाला विचारलेला प्रश्न

चहा घेता घेता सांगते, म्हणजे माझा आवाज चढणार नाही.

फिजिशियन असिस्टंटच्या एम.एस्सी.साठी मला पुण्यात जागा मिळाली होती आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. सासरे सकाळीच देवळात कौल लावायला गेले. देवाला चिकटवलेल्या फुलांपैकी उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. दुपारी आम्ही जेवत असताना ते परतले.

"डाव्या बाजूचा फूल पडला. तुका जावक गावचा नाय."

"पण बाबा, तुम्ही विचारलंत काय?"

"सुनेक कंपाउंडर होवक धाडू काय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या कामात पेशंट तपासायचे, डॉक्टरांबरोबर ऑपरेशनला उभं राहायचं, हे सगळं मी या घरात तीनदा समजावून सांगितलं होतं. माझा नवरा समीर बांगड्याचे काटे काढत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "बाबा, परत इचारूया काय?"

"एकच गजाल देवाक दोनदा इचारूची नसता."

"एकच कुठे?" मी म्हटलं. "माझ्या शिक्षणाचं तुम्ही देवाला विचारलंच नाहीत. मला तर नाहीच नाही."

मी हात धुतले, मोबाइल घेतला आणि दोघांच्या समोर होकार पाठवला. मग समीरकडे वळले.

"उद्या तू जा देवळात. आणि नीट विचार, 'बायको पुण्याला असताना दोन वर्षं घरातले मासे मी साफ करू काय?'"