बंडेप्पाच्या हातात

—व्हय व्हय, कापूर बी बांधतो, विभूतीच्या वड्या बी, पण आधी बस की नागप्पा. कोहिनूर गावाहून गाडी जुंपून भालकीला आलास ते उभ्यानं जायला? भावाची समाधी बांधायलाव, त्यात घाई कामून? लढाईत आम्ही दोघं एकाच जहाजावर — निजामाची रयत, गुडघ्याच्या वर पाणी न्हाई बघितलेली! शेजारचे श्रीपतराव अजून विचारतात, "अंकुशराव, समुद्राचं पाणी पाटानं कुठवर नेता येतं हो?" म्हणलं, मिठाचं पीक काढायचं असंल तर तुमच्या रानात आणून सोडतो. — हस की जरा! तुझा भाऊ बंडेप्पा लई हसायचा. पण माणूस पक्का. खाली भट्टीवर कोळसा ओढायचा, वर येऊन हातपाय धुवायचा आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचा — जहाज असं कलायचं, आम्ही ओकून बेजार, अन् त्याचा तळहात सपाट! गोरा अंमलदार बी दारात थबकायचा. आणि लिंग ठेवायची ती त्याच्या गळ्यातली चांदीची डबी — खारी हवा लई वाईट बघ, चांदीला खाती, कितीबी राखेनं घासा, कडा काळ्याच, परवा तर मी बसून —

काय?

न्हाई, ती दुसरी... माझ्याकडं कुठली चांदी...

बस रे. सांगतो. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याला तापानं गेला तो. किलतानाच्या जाड कापडात शिवून समुद्रात सोडायच्या आधी त्याच्या गळ्यातली ती डबी, लिंगासकट, मीच काढून घेतली. आम्ही मराठे — आमच्यात मढ्याच्या अंगावर चांदीसोनं ठेवत न्हाईत, उतरवून घरच्यांच्या हाती देतात. वाटलं, आईला लेकराची खूण व्हईल. तुम्हा लिंगायतांत लिंग हातात देऊन, बसवून मातीत ठेवतात, हे मला कुणी सांगायचं? जहाजावर तुमचा दुसरा होताच कोण? रजेवर आलो, तुमच्या दारात वहाणा काढायलोय, तर तुझ्या आईनं, कमलम्मांनी, बस म्हणायच्या आधी विचारलं — "लिंग हातात होतं ना रे त्याच्या?" डबी माझ्या खिशात. आणि मी म्हणलो, होतं, अक्का. मग त्यांनी भाकरी वाढली. जेवलो मी. पोटभर जेवलो. तेव्हापास्नं संक्रांतीला तुमच्याकडच्या शेंगाच्या पोळ्या येतात माझ्या घरी.

काय म्हणलास? बिनलिंगाचा गेला — व्हय. तसाच गेला. आडवा निजवून, रिकाम्या हातानं. माझ्यापायी.

ही घे डबी. समाधीत ठेव गुपचूप, आईला कळू देऊ नको, म्हाताऱ्या जिवाला कशाला — न्हाई? लपवणार न्हाईस? मग मीच सांगतो, त्यांच्या पायाशी बसून सांगतो, आत्ताच येतो तुझ्या गाडीत, थांब, पागोटं घेतो —

येऊ नको म्हणतोस. तूच सांगणार आईला.

बरं. न्हाई येत.

जा तू डबी घेऊन, नागप्पा. मला दुकानाच्या फळ्या लावू दे.