ढिगावर गट्टू बसवायच्या आधी

बाया-मानसांनो, लता मॅडमचे मालक, सरपंच, हेडमास्तर, अन् मांगं उभं राहून मोबाईल पाहून राह्यलेल्या पोट्टेहो,

बसा. मी लवकर आटपते. नाही आटपलं तं बसूनच राहा.

माह्या आधी जे बोलले त्या साऱ्यायनं म्हनलं, आज बोलनं जड जाऊन राह्यलं. मलेबी जाते. पन माहं जड दुसरं हाये. शोकसभेत गोड बोलाचं असते, अन् मले गोड बोलता येत नाही. दुसरीपर्यंत शाळा पाह्यलेली बाई मी. तुम्ही मले पाठीमांगं गोदाबुढी म्हनता, तेबी मले ठाऊक हाये. म्हना.

पयले एक सांगते. लता मॅडम मले आवडत नव्हती. इतकी वर्षं ती या गावची अंगणवाडी चालवत होती, अन् इतकी वर्षं आमचं भांडन होतं. ती देऊळगाव राजाकडची. बोलनं तिकडचं, तोरा तिच्या स्वताचा. चष्मा नाकावर, ओढनी कमरेले, अन् कोनाच्याबी घरात शिरून म्हननार, "आजी, असं नका करू." अरे, कोन तू? माह्या घरात मी काय करावं हे तू सांगशील?

मी गल्लीतल्या लेकरायची मालिश करते. साऱ्यायले माहीत हाये. इथं बसलेल्या अर्ध्या लोकायचे पाय मीच सरळ केले. एक दिवस मी शेजारचं तान्हं लेकरू पायावर घेऊन तेल रगडून राह्यली होती. ही आली. उभी राह्यली. म्हने, "आजी, थांबा. त्यानं तोंड फिरवलंय."

मी म्हनलं, "फिरवू दे. मले त्याच्या पाठीशी काम हाये."

"त्याला विचारा तरी. हात दाखवा, तेल लावू का म्हणा. पाय हलवले तर लावा. तोंड फिरवलं तर थोडं थांबा."

"तान्ह्या लेकराले विचारू? उद्या म्हशीले विचारून दूध काढीन!"

तं ती काय म्हनली? "म्हशीला विचारताच की तुम्ही. न विचारता बसलात की ती लाथ मारते. लेकराला लाथ मारता येत नाही, एवढाच फरक."

सारी गल्ली हासली. मी हासली नाही. मी आजही रगडूनच मालिश करते. हळू हात फिरवला तं तेलाचा काय उपेग? ते भांडन मिटलं नाही. आता ती गेली, म्हनून मी हारली असं कोनी समजू नोका.

आता तो मांडवाच्या मांगचा ढीग पाहा. वळा. मान दुखत नाही. अंगणवाडीचा पाया खोदला तवा निंगालेली काळी माती अन् मुरूम. ठेकेदार उचलून नेत होता, तं ही बाई त्याच्या ट्रॅक्टरपुढं उभी राह्यली. म्हने, "हा ढीग माझा आहे." लोकायले वाटलं, घरी नेते का काय. तिनं त्याच्या खाली रेती टाकली अन् लेकरायले वरून लोळत सोडलं. भीत होते लेकरं. मंग ही स्वता चढली. एवढी अंगानं भारी बाई, ओढनी खोचली अन् लोळत खाली आली. सरपंचाचे वडील तवा इथंच बसले होते. त्यायनं तोंड फिरवलं, पन एका डोळ्यानं पाह्यलंच. मी त्यायले पाहून राह्यली होती.

मी म्हनलं, "मॅडम, हे शिकवनं हाये का डुकराचं लोळनं?"

"दोन्ही," म्हने. "आजी, लेकराला आधी आपलं अंग कळू द्या. कुठं सुरू होतं, कुठं संपतं. मग क, ख, ग."

मी म्हनलं, अंग कायले कळाले पाह्यजे? अंग तं असतेच. मानूस का दुसऱ्याच्या अंगात झोपते?

आता माह्या नातीचं सांगते. स्वरा. तिची माय तिथं बसली हाये, तिले विचारून सांगून राह्यली. पोरगा अन् सून दिवसभर वावरात. माहे गुडघे असे. मंग पोरीले खाटंवर बसवाचं अन् हातात मोबाईल द्याचा. काय करू मंग? वावरात नेऊन साप दाखवू? गप बसायची पोरगी. सारे म्हनत, काय शहानी हाये. पन मातीवर पाय ठेवला की कोंबडीवानी वर उचलायची. दाराच्या चौकटीले धडकायची अन् रडायची नाही. एक दिवस पोटात कळ आली तिले. तोंड पांढरं पडलं. मी इचारलं, "कुठं दुखते, माय?" तिनं बोट दाखवलं. माह्या पोटावर.

हासू नोका. मले तवा हासू आलं नव्हतं. आपलं पोट कोनतं अन् आजीचं कोनतं, हे त्या पोरीले उमजत नव्हतं.

मी तिले मॅडमकडं नेलं. हाव, मीच नेलं. भांडत भांडत नेलं. म्हनलं, "लय शिकवता ना, घ्या, हे शिकवा."

तिनं काय केलं? काहीच नाही केलं. मले रागच आला. पोरीले मातीत ढकललं नाही. जवळ बसली. एक गोधडी आनली, पोरीले तिच्यात गच्च गुंडाळलं, तोंड मोकळं ठेवलं, अन् वरून हातानं दाबत गेली. खांद्यापासून पायापर्यंत. "हा खांदा कोणाचा? हा गुडघा कोणाचा?" पोरगी नुसती पाहे. दुसऱ्या दिवशी तेच. मंग थैलीत रेती भरून दिली, म्हने, "ओढ." पोरगी ओढे, थांबे, मॅडमकडं पाहे, परत ओढे. मी दारात बसून म्हनत होती, "आता बैलगाडीले जुपा तिले." ती म्हने, "आजी, तुम्ही गप्प बसलात तर लवकर शिकेल."

मले गप बसा म्हननारी या गावात ती एकच होती.

लय दिवस गेले. पोरगी ढिगाच्या पायथ्याशी बसाले लागली. मंग अर्ध्यावर चढाले लागली. मंग एक दिवस लोळली. केसात माती, नाकात माती, फ्रॉकचा रंग ओळखू येईना. अन् एक दिवस घरी उंबरठ्याले ठेच लागली. पोरगी मटकन खाली बसली, दोन्ही हातानं आपला अंगठा धरला, अन् असा गळा काढला की शेजारची पळत आली. "माहा अंगठा! माहा!" मी कामाची बाई, मले रडनं ऐकून घेनं जमत नाही. पन त्या दिवशी मी तिले चूप केलं नाही. म्हनलं, रड. तुहाच अंगठा हाये.

आता तुम्ही म्हनाल, मातीनं जादू केली. काही जादू नाही. स्वरा आजही गर्दीत कान झाकून घेते. अन् पलीकडच्या आळीतल्या एका लेकराले या ढिगानं काहीच फरक पडला नाही. त्याले मॅडमनंच चिखलीच्या डॉक्टरकडं पाठवलं, मागं लागून लागून. तीच म्हने, माती काही दवा नाही. हे तिचं एक मले पटायचं. खोटं बोलून मोठी होत नव्हती.

पन तुम्ही? तुम्ही काय केलं? आज रडून राह्यले. रुमाल वल्ले झाले. तिच्या जीतेपनी काय म्हनत होते ते मी सांगू का? कपडे मळतात. लेकरू घरभर माती आनते. दुसऱ्या गावची लेकरं इंग्लिश कविता म्हनतात अन् आमची गडगडतात. ढीग काढा म्हनून तुम्ही साऱ्यायनं अर्ज केला. माह्याकडंबी अंगठा मागाले आले होते. मी म्हनलं, मले तिच्याशी भांडाचं असलं तं मी तिच्या तोंडावर भांडते. कागदामांगं लपून नाही.

अर्जावरून तालुक्याचे साहेब आले, पाहून गेले. ती म्हनली, काढा, पन आधी मले काढा. ढीग राह्यला.

अन् आता आठ-पंधरा दिवस झाले नाही तिले जाऊन. छातीत कळ आली, गाडी चिखलीच्या रस्त्याले लागली, अन् संपलं. आत्ता माह्या आधी सरपंच उठले. डोळे पुसले. अन् काय सांगतलं? मॅडमच्या आठवनीत हे अंगन सुधारनार. ढीग सपाट करनार. सिमेंटचे गट्टू बसवनार. मधात तिचा फोटू अन् नावाची पाटी. सोमवारी जेसीबी येनार. अन् तुम्ही टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मी हे पयल्यांदा पाह्यलं.

सरपंच, एक सांगा. जित्या बाईपुढं जे जमलं नाही, ते मेल्यावर तिचंच नाव लावून करता?

काय? मोठ्यानं बोला. "आजी, विकास हाये." असू द्या. रस्त्याले गट्टू बसवा, तिथं खड्डे हायेत. पंचायतीपुढं बसवा. माह्या दारात बसवा, मी हळदी-कुंकू वाहीन. पन गट्ट्यावर लेकरू लोळत नाही, सरपंच. गट्ट्यावर लेकराचं डोकं फुटते.

आता काय म्हनता? "पाटी तं लागलीच पाह्यजे." लावा. तिले नाव लय आवडायचं, मी ओळखते तिले. भिंतीवर लावा. अंगणवाडीले भिंत हाये.

हेडमास्तर, तुम्ही घड्याळ पाहू नोका. सभेच्या आधी तुम्हीच त्या लेकरायले ढिगावरून खाली उतरवलं. पाहा, समोर बसवले. तोंडावर बोट, मांडी घातलेली. मॅडमले श्रद्धांजली म्हनून! तिनं हे पाह्यलं असतं तं तुमच्या कानाले धरलं असतं, मास्तर असले तरी.

लता मॅडमचे मालक, भाऊ, तुम्ही मघाशी सरपंचाच्या बोलन्यावर मान हलवली. मी पाह्यलं. तुमचा राग नाही. या दिवसात मानूस कशालेबी मान हलवते. पन तुम्हाले इचारते, या साऱ्यायच्या समोर. ढीग ठेवाचा का काढाचा? तुमच्याशिवाय कोनाचं ऐकनार नाही हे लोकं. माहं तं कधीच ऐकत नाहीत. लगेच नोका सांगू. पन सोमवारच्या आधी सांगा.

सोमवारी मी तं तिथं बसनारच हावो. गुडघे दुखतात, एकदा बसली की मले उठवाले दोघं लागतात. जेसीबीवाल्याले सांगून ठेवा.

ओ भाऊ... काय झालं? बसा, बसा. पानी द्या त्यायले.

नाही. पानी नाही पाह्यजे त्यायले. ते चालले. वाट द्या. खुर्च्या सरकवा. धरू नोका त्यायले, चालता येते. ढिगावर चढू द्या.

पाहा. बसले.

झालं. सांगतलं त्यायनं.

आता दोन मिनिटं शांत उभं राहाची पद्धत हाये. राहू. पन इथं नाही. उठा सारे, चपला इथंच राहू द्या, अन् तिकडं चला. सरपंच, पांढरा पायजमा धुता येते, चला. मास्तर, तुम्हीबी. लेकरायहो, तोंडावरचं बोट काढा, तुम्ही पुढं पळा.

जाऊन बसा अन् गप राहा. मिनिटं मोजू नोका. लेकरं जवर गप राहतील तवर आपन गप राहाचं. पयलं पोट्टं खिदळत खाली लोळलं की समजा, सभा संपली.

लता, नमस्कार घे. भांडाले कोनी राह्यलं नाही या गावात.

माईक बंद कर रे.