कांताक्काची रांग

मी मूळची रेणापूरची, लगीन होऊन लातुरात आले, अन् आता दहा-बारा वर्सं झाली, या फवारणी पंपाच्या गोदामात माल काढायला हाय. माल काढायचा म्हंजे दुकानदाराची यादी आली की रांगारांगातून हिंडून एकेक वस्तू गोळा करायची. आम्ही सात बाया. जी रांग जिच्याकडं तिचंच नाव रांगेला, ही कांताक्काची, ती माझी. कांताक्का माझ्या घराशेजारची, तिनंच मला हितं लावलं, तवा मला पंपातलं ओ की ठो कळत नव्हतं.

आता काय सांगू तुम्हाला, पंप लातुरात अन् त्याचे नोझल-वायसर नांदेडच्या गोदामात, अन् नांदेडकडच्या केळीवाल्यांचं ठिबकचं सामान आमच्या उरावर. एका यादीसाठी टेम्पोची वाट बघत बसायचं. मालक कावला, म्हणला, सुमनबाई, तुम्हीच सांगा कुठं काय ठिवायचं. मला विचारलं बगा! मी बी लई शहाणी, फुगले. म्हणलं मालक, जे संगट जातंय ते संगट ठिवा, ठिबक सगळं नांदेडला धाडा, नोझल हिकडं आणा, पंपाच्या शेजारी, दाराजवळ.

तसंच केलं. दिवसभराच्या याद्या दुपारपर्यंत निघाया लागल्या, मालक खूश, पेढे वाटले. अन् ठिबक व्हतं कुठं, तर कांताक्काच्या रांगेत. रांग पार रिकामी. बया बया, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई! मालक म्हणला, आता चौघीत भागतंय, कांताबाई अन् आणखी दोघी पुढच्या महिन्यापासून नगं. अक्का मला म्हणली, सुमे, तू बोल की, तुझं ऐकतोय त्यो. बोलले मी, तिला नांदेडला तरी घ्या म्हणलं, तर म्हणला तिथं बी बाया जास्तीच्याच हायत. अक्का मग रिकामे रॅक फडक्यानं पुसत ऱ्हायली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अन् आता सोमवारी मला नांदेडला जायचंय, तिथली मांडणी करून द्यायला, मालकाचा हुकूम. भाकर गोड लागंना. तिथल्या एका बाईचा फोन आला व्हता, म्हणली, ताई लवकर या हो, माल शोधत आमच्या लई चकरा होऊन राहिल्या. मी हाव हाव म्हणलं अन् ठिवला. नऊजणी हायत त्या. मुद्दाम चुकीचं सांगावं म्हणते, पण मला ठाव हाय, माल पुढं दिसला की माझे हात बरोबरच मांडतील. जाऊ द्या. देवानं त्या बायांच्या चकरा तेवढ्या चालू ठिवाव्या.