पाखरांना वाळे घालणारा

हिंगोलीच्या स्टँडवर केशरबाई कोवळं ऊन खात गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी कोंडीबा आणि त्याचा मेहुणा जळबा बोलत होते. तिनं मान वळवली नाही, कान मात्र तिचं ऐकेनात.

"जळबा, माझ्या चांगुणासाठी तू सुचवलेलं ते पोरगं करतं काय म्हणालास?"

"धरणावर पाखरं धरतं, दाजी."

"धरून इकतं?"

"न्हाई वो. पायात नंबराचा वाळा घालतं आन् सोडून देतं."

"मंग धरतं काहून?"

"कुठं जातेत, परत येतेत का, ते कळावं म्हणून. पाखरांचा अभ्यास करणाऱ्या सायबांच्या हाताखाली हाय ते."

"आख्ख्या तळ्याला वाळे घातले, आन् सोताचं लगीन राहिलं व्हय!"

"हसा. पर बदकानं बोट फोडलं तरी मूठ आवळत न्हाई. पंख दुखंल म्हणतं."

"कळमनुरीचं पोरगं कारकून हाय. खुर्चीवर बसतं."

"बराबर. आन् चहा सांडला म्हणून बहिणीवर कसं खेकसलं, तेबी पाह्यलं आपण."

कोंडीबानं तंबाखू मळायला घेतली.

"येतेत का मंग परत?"

"कोन?"

"पाखरं रे."

"गेल्या साली सोडलेलं एक यंदा आलं की, वाळ्यासगट! पोरगं बांधावर नाचून राहिलं होतं."

"कळमनुरी! कळमनुरी!" कंडक्टर ओरडला.

"उठा दाजी. चांगुणासाठी आज शबुद द्यायचाय न्हवं तिथं?"

"बस खाली. सिद्धेश्वर धरणाची गाडी कवा लागते?"

"ती काय, तुमच्या मागंच उभी हाय!" केशरबाईच्या तोंडून निघून गेलं.