सम्राटांच्या गळ्यावरची रेघ

अध्यक्षस्थानी बसलेले आणि यंदाच्या प्रत्येक नाण्यावर ज्यांचं नाव आहे ते माननीय मेनोफिलोस, शेजारचे पुजारीमहाराज, नगरसभेची वडील मंडळी, टांकसाळीतले माझे काजळलेले भाऊ, आणि मागच्या ओळींतल्या आयाबहिणींनो,

स्मर्नाच्या वक्तृत्वशाळेतून मी अर्ध्यावर पळून आलो. त्यामुळे मला सुरुवात येते, शेवट येत नाही. सांभाळून घ्या.

आज आपण ट्रोफिमोसकाकांना निरोप देतो आहोत. बत्तीस वर्षं या माणसाने आपल्या शहराच्या तांब्याच्या नाण्यांचे ठसे कोरले. सम्राट कधी आपल्या गावात आले का? रोमहून एक चित्र यायचं, तेही वाटेत भिजलेलं. त्यावरून काका असा चेहरा कोरायचे की बाजारातल्या बायका म्हणायच्या, ‘अगं बाई, थकलेत हो!’ आणि हे सगळं उलटं कोरायचं, म्हणजे नाण्यावर सुलटं उमटतं, बरं का.

मी शाळा का सोडली, हे काय लपून राहिलंय? काकांची लेक अम्मिया! ती रोज दिसावी म्हणून मी टांकसाळीत हातोडा धरला. हसू नका, लिकोसमामा. तुम्ही तिच्या मावशीपायी सगळ्या बकऱ्या विकल्या होत्या.

गेल्या महिन्यात उत्सवाच्या नाण्यांची घाई होती. अम्मिया पाव आणि जैतून घेऊन आली. म्हणाली, ‘माझं ठरलं. मुलगा लोकर रंगवतो. तू आता वेळेवर जेवत जा.’ आणि गेली. मी तापलेली चकती ठेवली नि असा घाव घातला की खालचा ठसा चिरला. मला दिसलंच नाही. तसाच मारत सुटलो. शंभरेक नाण्यांवर सम्राटांच्या गळ्यावर रेघ, जणू सुरीच फिरवली!

राज्यपालांच्या कानी गेलं तर राजद्रोहच. नगरसभेने विचारलं, ‘कुणाचं काम?’ काका म्हणाले, ‘माझं. ठशाच्या लोखंडाला पाणी नीट दिलं नाही. वय झालं.’ नगरसभेने त्यांची छिन्नी काढून घेतली आणि हा निरोप ठरवला.

मंडळी, काकांच्या गळ्यातला हा हार त्या उत्तराचा आहे. वयाचा नाही.

मी त्यांना गाठलं. ‘काका, खोटं का बोललात?’

‘मग काय, तुला शिक्षेवर खाणीत धाडू? भाषण अर्धवट, प्रेम अर्धवट. निदान हातोडा तरी पुरा शिक, गाढवा.’

काका, डोळे वटारू नका, मी खाली बसणार नाही. त्यांच्या ठशात काही खोट नव्हती. तो मी फोडला. नगरसभेने त्यांची छिन्नी त्यांना परत द्यावी. माझा हातोडा हा इथे, अध्यक्षांच्या पायाशी ठेवतो. पुढचं तुम्ही ठरवा.

अम्मिया, लग्नाच्या शुभेच्छा. दातओठ खात देतोय, पण देतोय.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर पोटात घाला. ती रेघ मात्र घालू नका. ती माझी आहे.