घाट चढणारी गाडी

"काढा, हिच्यातही खोट काढा!"

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत गॅरेजच्या बाकावर टेकलेल्या शिंपीणबाईंनी कान टवकारले. समोर पिकल्या केसांचं जोडपं जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी पारखत होतं. काकू ती अंगणात गोल गोल फिरवत होत्या, काका शेजारी बसून खोट शोधत होते.

"स्टेअरिंग पूर्ण वळवा, काकू. टकटक ऐकू आली तर घेऊ नका," मेकॅनिक ओरडला.

"आवाज येतोय," काका म्हणाले.

"तो तुमचा. गाडी गप्प आहे."

"टायर झिजलेत."

"चारही सारखे झिजलेत, काका. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीला तेच हवं."

"लेकीच्या गावचा घाट चढेल?" काकूंनी मेकॅनिकला विचारलं.

"हसत हसत!"

"मग अडलंय कुठे हो? नातवाचं तोंड कधी बघायचं?"

काकांनी चष्मा पुसला.

"मला समोरचं धूसर दिसतं गं आता. घाटात तूच चालव. मी गाणी म्हणतो."